वाणातलं बी

११ एप्रिल, शनि.

सहाला गच्चीवर. टाकीजवळच्या ड्रममधल्या वेलाने शेवटी दोन दुधी धरलेत. एक आजच हातभर झालाय. पूर्वेकडच्या ड्रममधला वेल याच्या कितीतरी आधी लागला, त्याचे तीन खाऊनही झाले, लोण्यासारखे. दोन्ही बिया एकाच भोपळ्यातल्या, टोचल्या एकाच दिवशी. पण एकाच वर्गात हुशार आणि आळशी दोन्ही असतातच, मी काय नवीन बघतेय का.

'गच्चीवरची भाजी' ग्रुपवर एकीचा प्रश्न. मॅडम, फुलं येतात पण फळ धरत नाही, पिवळं पडून गळतं. लिहिलं, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाशा घरी गेलेल्या असतात. दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलावर हलकेच फिरवायचं. मादी ओळखायची खूण, फुलामागे इवलासा भोपळा. तीस वर्षं सातवीच्या पोरांना परागीभवन शिकवलं, आता साठीच्या बायकांना शिकवते. पोरं जास्त लक्ष द्यायची.

नळ सोमवारी येणार म्हणतात. तोवर तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी ड्रमांना. आरओचं फेकायचं पाणी निम्मं साधं मिसळून, नुसतं नाही, क्षार बसतात. हेही ग्रुपवर टाकलं. सत्तावीस जणींनी हात जोडले.

१२ एप्रिल, रवि.

ह्यांचं फिरणं, मग कट्ट्यावर बसणं. तिथल्या मंडळींनी मार्चपासून डोक्यात भरवलंय की सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घेतला की शुगर पळते. ह्यांना मुळात दुधीची भाजीही आवडत नाही. पण डॉक्टरांनी शुगरवरून दटावल्यापासून मीच मागे लागले. लातूरच्या गोलाईतलं भांड्यांचं दुकान पुतण्याच्या हाती देऊन बसलेत, दिवसभर खुर्ची. निदान रस तरी प्या. पितात. भांडत नाहीत. चाळीस वर्षांत ह्यांच्याशी भांडण करायचं तर दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागल्या.

उद्यापासून टाकीजवळच्या वेलाचा. बाजारचा बंद.

१३ एप्रिल, सोम.

टाकीजवळचा तोडला. कोवळा, नख सहज रुतलं. पुदिना, आलं, लिंबू घालून एक मोठा ग्लास. माझी शिवपूजा व्हायची होती म्हणून मी नाही घेतला.

पहिल्याच घोटाला तोंड वाकडं. "लई कडू लागायलंय गं."

म्हटलं, कडू ते गुणाचं. कारल्याचा पिता तेव्हा?

"हे तसलं कडू न्हाई. राहू दे का आज?"

म्हटलं, बाजारातल्या पाणचट दुधीची सवय झालीय जिभेला. माझ्या गच्चीतला पहिला रस आहे, नाक धरा आणि संपवा. संपवला. ग्लास उलटा करून दाखवला, दूध संपवलेल्या पोरासारखा. मला हसू आलं.

नळ आला. बाकी मग

१४ एप्रिल, मंगळ.

हॉस्पिटल. आयसीयूच्या बाहेरचा बाक. वही पिशवीत होती कारण किराण्याची यादी हिच्यातच असते.

काल. टाकी निम्मी भरली होती. खालून आवाज आला, हे बेसिनशी. उलटी. म्हटलं पित्त. मग दुसरी, तिसरी, मग जुलाब. पाऊण तासात उभं राहता येईना. घामाने सदरा चिंब, हात गार. आणि मग उलटीत रक्त. मी बघत राहिले. लाल म्हणजे बीट खाल्लं होतं का, असं काहीतरी डोक्यात आलं. आमच्याकडे बीट आणतच नाहीत.

पुतण्याने गाडी आणली. कपाळावरची विभूती घामाने ओघळून भुवईत आलेली, ती मी पदराने पुसत होते. दुसरं काही सुचलं नाही.

डॉक्टर तरुण. सकाळपासून काय खाल्लं? काही नाही, दुधीचा रस. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"कडू होता का?"

ह्यांनी स्ट्रेचरवरून, डोळे मिटलेले, म्हटलं, "चव कळली न्हाई, डॉक्टर."

मी गप्प राहिले. हे इथे लिहून ठेवते. मी गप्प राहिले.

डॉक्टर म्हणाले, कडूच असणार. कडू दुधी विषारी असतो, त्याच्या रसाने माणसं दगावतात. ह्याला उतारा नाही. सलाईन, बीपी सांभाळायचं, आतल्या जखमा भरायची वाट बघायची. सत्तर बीपी वाचलं मी मशीनवर. वरचं.

आज बाहेर जयंतीचे निळे झेंडे, ढोल. माझी मैत्रीण सुजाता तिच्या विहारातली वंदना आटोपून तशीच पांढऱ्या साडीत आली. सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, माझ्याबरोबरच रिटायर झाली. काचेतून मशीन बघितलं, नर्सशी दोन वाक्यं बोलली, मग माझ्याजवळ बसून डबा उघडला. "खा. तू पडलीस तर त्यांना कोण बघणार?" दोन घास गिळले. चव मलाही कळली नाही.

१५ एप्रिल, बुध.

बीपी नव्वदच्या वर. रक्त थांबलंय. बोलू देत नाहीत.

अंघोळीला घरी आले. ग्लास अजून ओट्यावर उलटा. फ्रीजमध्ये त्या दुधीचा उरलेला अर्धा. वरून हिरवागार, आतून पांढराशुभ्र, बाजारात ठेवला असता तर पहिला मीच उचलला असता. एक चकती कापली आणि नुसती जिभेच्या टोकाला लावली.

कडू म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कारलं, कडुनिंब, कोरफड काही नाही त्याच्यापुढे. दहा चुळा भरल्या, गूळ चघळला, तरी अर्धा तास घशात तेच. आणि हे अख्खा ग्लास प्यायले. मी समोर उभी होते.

ग्रुपवरच्या माझ्याच जुन्या टिपा उघडल्या. टीप चौथी, गेल्या वर्षीची: "काकडी, दुधी, दोडका चिरण्याआधी एक चकती जिभेला लावावी. कडू लागल्यास थुंकून टाकावी व फळ फेकावं, शिजवूनही खाऊ नये." वर गुलाबाची फुलं. बाजारचा दुधी मी दरवेळी चाखते. घरचा चाखला नाही. घरचा आहे, त्याला काय चाखायचं.

मग बसून विचार केला की हा कडू आला कुठून. बी माहेरचं. औशाजवळ बाळूचं, माझ्या धाकट्या भावाचं शेत. तिथे कुंपणावर वाळवलेला बियाचा भोपळा दसऱ्यात घेऊन आले होते. बाळूला फोन लावला.

"अक्का, तुला दिला तो गोडाचाच व्हता. त्याच येलाची भाजी आम्ही दिवाळीपतोर खाल्ली."

म्हटलं, जवळ आणखी कुठला वेल होता का?

"आन कुठला? ते पव्हायचे भोपळे हायत की. ते कायमचेच हायत कुंपणाला."

पोहायचे भोपळे. आम्ही सगळी भावंडं ते पाठीला बांधूनच विहिरीत पोहायला शिकलो, आता बाळूची नातवंडं शिकतात. कडू जातीचे. कडू असतात म्हणून कुणी खात नाही, म्हणून वेलावर वाळून टणक होतात. एकाच कुंपणावर गोड वेल आणि कडू वेल, वाऱ्याला एकमेकांत गुंतलेले. मी स्वतः त्या दोन्ही वेलांखालून भोपळा डोक्यावर घेऊन आले.

फळ आईचं, बी दोघांचं. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे, खाली दोन रेघा मारून. गोड दुधीच्या पोटातल्या काही बिया कडवट बापाच्या असू शकतात, सगळ्या नाही, काही. पेरल्यावर वेल सारखाच, फूल सारखं, फळ सारखं. जिभेशिवाय ओळखायचा मार्ग नाही. म्हणून पूर्वेचा लोण्यासारखा आणि टाकीजवळचा

आणि मग उठून उभी राहिले. कारण आठवलं.

संक्रांत. हळदीकुंकू. सगळ्या बायका प्लास्टिकच्या डब्या वाटतात म्हणून मी त्यांची टिंगल केली होती. यंदा माझं वाण म्हणजे बी. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं, प्रत्येकात ह्याच भोपळ्याच्या पाच बिया, वर माझ्या अक्षरात "घरचा दुधी, निर्धास्त खा".

निर्धास्त खा.

१६ एप्रिल, गुरु.

हळदीकुंकवाची यादी सापडली, देव्हाऱ्याच्या खणात. सकाळपासून बाकावर बसून फोन.

प्रत्येकीला तेच. संक्रांतीला दिलेलं बी पेरलं असेल तर फळ चाखल्याशिवाय चिरू नका. कडू असेल तर वेल उपटा. उरलेल्या बिया जाळा. ह्यांना आयसीयूत ठेवलंय. मग पलीकडून "अगं बाई".

माणसं किती तऱ्हेची असतात. एकीने पाकीट उघडलंच नव्हतं. एकीच्या बिया उंदराने खाल्ल्या, तिला उंदराची काळजी वाटायला लागली. तिसरीचा वेल गोड निघाला, ती मला समजावत होती की मॅडम, तुमच्या बियाला नाव ठेवायला जागा नाही. तिला सांगितलं, पाच बियांतला एक वेल गोड म्हणजे पाचही गोड नव्हेत. "असं कसं, एकाच पोटचं ना?" हे मलाही तसंच वाटलं होतं, हे सांगितलं नाही.

समोरच्या गल्लीतल्या आप्पांच्या सूनबाई: "वाण दिलेलं कुणी परत मागतं का? माझ्या सासूबाई म्हणायल्यात वाण जाळायचं नसतं." पाकीट देवापाशी ठेवलंय म्हणे, हळदकुंकू वाहून. म्हटलं, देवापाशी ठेवा पण मातीत घालू नका. तेवढं कबूल झालं.

औशातल्या एका मैत्रिणीने फोन चालू असतानाच चकती जिभेला लावली. कडूच. दुधी परवा तोडला होता, काल रस काढणार होती. सुनेच्या डोहाळजेवणात गुंतली म्हणून राहिला. ती बोलता बोलता रडायला लागली. मीही.

लेक शिल्पा नांदेडहून आली, बँकेतून रजा घेऊन. वडिलांना काचेतून बघून आली आणि पाच मिनिटं आत सोडलं तेव्हा सरळ रागावली. "बाबा, कडू लागलं तर थुंकायचं ना. लहान आहात का तुम्ही?" हे डोळे मिटून पडून राहिले. मी पायाकडे उभी होते. चादर नीट केली.

१७ एप्रिल, शुक्र.

वॉर्डात हलवलं. दूरवरच्या चुलीवर काहीतरी करपावं तसा वास येतोय म्हणे त्यांना सगळ्याला. पोटात जखमा आहेत, दुर्बिणीने बघितल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा बघणार. मऊ भात, ताक. तिखट नाही.

यादीतली शेवटची तीन नावं आज झाली. सगळ्यांवर खूण. संध्याकाळी पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

ग्रुपवर मात्र अजून काही लिहिलेलं नाही. तिथे सगळ्या विचारताहेत, मॅडम कुठे आहेत, माझ्या भेंडीला चिकटा पडलाय. चिकट्याला साबणाचं पाणी, आठवड्याने पुन्हा. एवढं टाकलं आणि फोन बंद केला.

१८ एप्रिल, शनि.

सुजाता दुपारी बसायला आली. मी यादी दाखवली, सगळ्यांवर खुणा. मार्क मागितल्यासारखं झालं ते. तिने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली.

"ह्यात मी कुठंय?"

म्हटलं, तू कशी असशील, ही हळदीकुंकवाची यादी. तुमच्याकडे हळदीकुंकू नसतं.

"हाव. पण बी तर मला भेटलंय. घरी येऊन दिलंस तू, चहा पिऊन गेलीस." ती शांतपणे म्हणाली. "माझं ठीक हाय, मी पेरलंच न्हाई. मी तुला बोलले न्हाई कारण तू विचारशील म्हणून वाट बघायले. आता सांग, यादीत नसलेलं आणखी कोण हाय?"

शकुंतलाकाकू. आमच्या घरामागे दुसऱ्यांच्या घरात भाड्याने होत्या. नऊ वर्षांपूर्वी काका गेले. तेव्हापासून संक्रांतीला मी त्यांना बोलावत नाही. कुणीच बोलावत नाही. मला तसलं काही पटत नाही असं मी चारचौघीत म्हणते, पण बोलवायची वेळ आली की आलेल्या बायकांना अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. यंदा बायका जायला लागल्यावर मागच्या दाराने जाऊन एक पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं. "काकू, बी आहे, कुंडीत लावा." वाण म्हटलं नाही. आत बोलावलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्या नांदेडजवळच्या उमरीला मुलाकडे राहायला गेल्या, आणि त्यांचं बी गेलं माझ्या डोक्यातून.

सुजाताने आणखी एक विचारलं. "भाऊजींना खरंच चव कळली नव्हती का?"

सांगितलं. सगळं. नाक धरा आणि संपवा, हेसुद्धा. तिने यादीची घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाली, "तीस बायांना फोन केलास, पण हे एकीला बी न्हाई सांगितलं. चाखून बघा म्हणतीस. आन चाखून कडू सांगितलं तर ऐका, हे कोण म्हणणार?"

१९ एप्रिल, रवि.

काकूंचा फोन बंद. दहा वेळा. त्यांच्या जुन्या घरमालकाकडे मुलाचा नंबर नाही, एवढंच माहीत की उमरीत स्टेशनच्या बाजूला राहतो, शिलाईचं काम आहे.

एप्रिलचे वीस दिवस होत आले. संक्रांतीनंतर लगेच लावलं असेल तर आतापर्यंत पाच-सहा दुधी उतरले असतील. काकूंना रात्री दुधीची खीर आवडायची. साखरेत कडू झाकतं का? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, झाकत नाही, पण म्हातारी माणसं घरच्यांना बोलत नाहीत, खातात.

ते सहज बोलले. त्यांना काही माहीत नाही.

२० एप्रिल, सोम.

ह्यांना घरी आणलं. पायऱ्या चढताना तीनदा थांबले. सात किलोने उतरलेत, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो.

दुपारी ग्रुपवर लिहिलं. पाच वेळा खोडलं. शेवटी:

"माझ्या घरच्या दुधीच्या रसाने माझे यजमान मरता मरता वाचले. बी मीच आणलं, जवळ कडू भोपळ्याचा वेल होता ते बघितलं नाही. वेलवर्गाचं बी घरी धरायचं असेल तर जवळपास कडू जात नको, आणि मादी फूल आदल्या संध्याकाळी कागदाच्या पिशवीत बांधून, हाताने परागीकरण करून, खूण केलेल्याच फळाचं बी धरावं. नाही जमलं तर बी विकत आणावं. खतातून आपोआप उगवलेल्या भोपळ्याचं फळ खाऊ नये. वेलाला उन्हात पाण्याचा ताण पडला तरी फळ कडू होऊ शकतं. दरवेळी चाखावं, घरचं असलं तरी. आणि शेवटचं. यजमानांनी पहिल्या घोटाला कडू आहे म्हणून सांगितलं होतं. मी प्यायला लावलं."

पाठवलं. मग टाकीजवळचा वेल मुळासकट उपटला. पूर्वेचा गोड आहे, तरी तोही. हात थांबत नव्हते.

२१ एप्रिल, मंगळ.

ग्रुपवर दोनशे जणी आणि कालपासून कुणी काही बोललं नाही. मग एकीने लिहिलं, "काळजी घ्या मॅडम." मग सगळ्यांनी तेच.

ह्यांनी वाचलं. सकाळी चष्मा लावून, फोन लांब धरून.

"हे कशाला लिवलंस?"

म्हटलं, खरं आहे म्हणून.

"प्यालो मी. थुंकता येत होतं की मला."

मग थुंकलं का नाही?

ताकाची वाटी ढवळली. "तू बघत होतीस की," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे काही काम नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनीच हाक मारली. "त्या काकूचा फोन लागंना म्हणून बसून राहू नको. उमरी काय परदेशात न्हाई. जा." पुतण्याची बायको राहील, सुजाता दुपारी येईल. उद्या पहिल्या गाडीने नांदेड, शिल्पाकडे, तिथून उमरी.

२३ एप्रिल, गुरु. नांदेड.

काल लिहिता आलं नाही. आता शिल्पा बँकेत गेलीय. लिहून मोकळी होते.

उमरीला उतरून शिलाईवाल्यांना विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पुढे मशीन, मशीनवर काकूंचा मुलगा. दारात काकू बसलेल्या, मांडीवर शेवग्याच्या शेंगा. जिवंत. मी चौकट धरली.

"अगोबाई, मॅडम. तुम्ही कसं काय इकडं? फोन बिघडून पडलाय माझा महिन्यापासून. ये गं, पाणी आण." सुनेला हाक.

मी पाणी न पिताच विचारलं. काकू, ते संक्रांतीचं बी. लावलं का?

"लावलं की. दुसऱ्याच दिवशी इथं आल्यावर. येल लई माजला, पत्र्यावर चढला. लोक बघून राहिले होते."

मग?

काकूंनी सुनेकडे बघितलं. सून आत गेली.

"पाडव्यानंतर आठ दिवसानं पहिला तोडला. चिरायच्या आधी चकती जिभेला लावायची आमची जुनी रीत. लावली, अन् थू केलं. इतकं कडू म्या जन्मात खाल्लं न्हाई. येल उपटून टाकला. पोराला सांगितलं की किडला."

पाडव्यानंतर आठ दिवस. मी मनात मोजलं. ह्यांच्या रसाच्या आधी अडीच आठवडे. तेव्हा टाकीजवळच्या वेलाला फूलसुद्धा नव्हतं.

काकूंना ह्यांचं सांगितलं. आयसीयू, रक्त. त्यांच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. तोंडावर पदर घेऊन त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. आणि मी, इतकं सगळं माझंच असताना, तरीही विचारलंच. मास्तरीण आहे ना. काकू, तुम्हाला कळलं होतं तर मला सांगायचं नाही का? कुणाच्या तरी फोनवरून?

"वाटलं होतं. दोनदा पोराचा फोन हातात घेतला."

मग?

त्या उठल्या, आतल्या कोनाड्यातून एक डबी आणली. त्यात माझं पाकीट. रिकामं, घडी घातलेलं. लग्नपत्रिकेचा गणपती वर, आणि कोपऱ्याला हळदीचा पिवळा ठसा. माझं बोट. त्या दिवशी बायकांना हळद लावून तसंच उचललं असणार मी.

"तुमचे काका गेल्यापासून मला कुणी वाण दिलं न्हाई. नऊ संक्रांती. तुम्ही मागच्या दारानं दिलं, हाव, पण हातावर ठेवलं. हळदीचं बोट बी होतं त्याला. एवढ्या वर्सांनी भेटलेलं वाण, ते कडू निघालं म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

मी खाली बसले. शेंगा गोळा करायला लागले, त्याही.

जेवून जा म्हणाल्या. जेवले. निघताना काकूंनी सुनेला हाक मारली, मॅडमला कुंकू लाव. सून करंडा घेऊन आली. काकू सवयीने दोन पावलं मागे सरकून भिंतीशी उभ्या राहिल्या. मी करंडा सुनेच्या हातातून घेतला. घेऊन तशीच उभी राहिले, पुढे करायचा की नाही, त्यांना चालेल की नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं. मुलगा मशीनवरून म्हणाला, गाडी जाईल. करंडा सुनेला परत दिला. तिनेच लावलं.

आत्ता ह्यांचा फोन होता. आवाज बरा वाटला.

"सापडल्या का काकू? त्यांनी खाल्ला तर न्हाई ना?"

म्हटलं, नाही. चाखून फेकला त्यांनी.

"बघ, जुनी माणसं." मग, "कधी फेकला?"

म्हटलं, घरी आल्यावर सांगते.

गाडी साडेअकराची आहे. लातूरला पोचायला तीन तास तरी लागतील. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.